पहिला स्फटिक सुईचा

"दर्शना, आत जिवंत आहेस ना?" थंड खोलीचं जाड दार जरासं उघडून गुनिलाने विचारलं.

मी सूक्ष्मदर्शकावरून डोळा न काढता नुसता हात वर केला. चार अंश तापमानाची ती खोली म्हणजे माणूस आत जाऊ शकेल एवढा मोठा फ्रिजच. दोन स्वेटर, वर पांढरा कोट आणि गळ्यात आईची जुनी शाल, अशा अवतारात मी तासभर तिथे बसले होते.

"ये, बघ," मी म्हणाले. माझा आवाज मलाच घोगरा वाटला. दुपारचे दोन वाजून गेले होते आणि त्या दिवशी मी तोंडातून काढलेले ते पहिलेच शब्द होते.

गुनिला आमच्या प्रयोगशाळेची तंत्रज्ञ. पस्तीस वर्षं तिथे काढलेली, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. आमचे प्राध्यापक तिला वचकून असत, मग माझी काय कथा! तिने चष्मा कपाळावर ढकलला आणि भिंगातून पाहिलं.

थेंबाच्या मधोमध तो होता. लांबट, दोन्ही टोकांना निमुळता, कडा सुरीने कापल्यासारख्या. दीड वर्ष मी हजारो थेंब पाहिले होते आणि त्यांत कधी गढूळ पाणी, कधी तपकिरी साका, कधी काहीच नाही, एवढंच हाती आलेलं. त्या दिवशी पहिल्यांदा स्फटिक. तो दिसताक्षणी परक्या गावात ओळखीचं माणूस समोर यावं तसं मला झालं होतं. डोळ्यांत पाणी आलं आणि भिंग पुसावं लागलं.

"देखणा आहे," गुनिला म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "फोडून बघितलास?"

आमच्याकडे तो नियमच होता. पहिला स्फटिक सुईचा. माणसाच्या शरीरातलं प्रथिन शुद्ध करायचं, त्याच्या थेंबात नाना प्रकारची रसायनं घालायची आणि त्यातून स्फटिक पडायची वाट पाहायची. पण पडलेला स्फटिक प्रथिनाचाच असेल असं नाही. रसायनांतले क्षारही कधीकधी असा वेश घेऊन येतात. खात्री करायचा गावठी उपाय एकच. बारीक सुई घ्यायची आणि त्याच्यावर दाबायची. प्रथिन असेल तर लोण्यासारखं विस्कटतं. क्षार असेल तर कट्‌कन तुटतो, बोटांना कळतं. पहिला स्फटिक कितीही लाडका असला तरी तो सुईला द्यायचा, मग पुढचं बोलायचं. भिंतीवर गुनिलाच्याच अक्षरात तसा कागद चिकटवलेला होता.

सुई माझ्या हाताशी होती. गुनिला यायच्या आधी मी ती उचललीही होती, आणि खाली ठेवली होती.

"शेजारच्या थेंबात एक लहान होता," मी म्हणाले. "तो फोडला. मऊ निघाला."

शेजारच्या थेंबात काहीही नव्हतं. गुनिलाने मान डोलावली, माझ्या खांद्यावर थोपटलं आणि ती प्राध्यापकांना सांगायला गेली. त्या देशात दीड वर्षात मला कोणी हात लावला तो तेव्हा पहिल्यांदा.

खोटं बोलायचं कारण मी माझ्यापुरतं तयार ठेवलं होतं. स्फटिक एकच होता. फोडला की संपला. आणि माझा करार मार्चअखेर संपत होता.

आता थोडं मागचं सांगते. स्वीडनच्या उत्तरेचं ते गाव. मी पीएचडी होऊन तिथे पुढच्या संशोधनासाठी गेले, तेव्हा आमच्या उरणकडच्या गावात माझ्या नावाचा फलक लागला होता. माझं प्रथिन स्नायूंतलं. त्याच्यात एका जागी बिघाड झाला की पोरं सात-आठ वर्षांची होईतो चालायची थांबतात. बिघाड नेमका कुठे आणि कसा, हे कळायला त्या प्रथिनाचा आकार कळायला हवा, आकार कळायला स्फटिक हवा, म्हणून मी. ऐकायला हे भारदस्त वाटतं. प्रत्यक्षात मी रोज नळ्या भरत होते, थेंब टाकत होते आणि वाट बघत होते.

माणसं वाईट नव्हती, हे आधी सांगायला हवं. दहाला आणि तीनला सगळे कॉफीला जमत. मी गेले की पाच मिनिटं इंग्रजीत बोलत, मग नकळत गाडी त्यांच्या भाषेवर जाई आणि मी कपातल्या कॉफीकडे बघत बसे. कोणी हसलं की मीही हसायची, जरा उशिरा. राहायच्या इमारतीत अठरा बिऱ्हाडं होती. त्यांतल्या एकाचाही चेहरा मला धड आठवत नाही. अक्षर मात्र आठवतं, कारण खालच्या कपडे धुवायच्या खोलीत माझ्या नावाने एक चिठ्ठी लावलेली सापडली होती: 'कृपया यंत्राची जाळी साफ करून जावी.' ती चिठ्ठी मी फेकली नाही. बरेच दिवस फ्रिजवर लावून ठेवली होती. कोणीतरी आपल्याला उद्देशून काही लिहिलंय, एवढंही पुरत असे.

हिवाळ्यात अडीचला अंधार व्हायचा. पगाराची, अभ्यासाची, कशाचीच तक्रार नव्हती. फक्त शुक्रवारी संध्याकाळी दार लावलं की सोमवारी सकाळपर्यंत माझं तोंड उघडायचं एकदाच, रविवारी, बाबाशी बोलताना.

माझा बाबा मिठागरात काम करायचा. त्याचा बाप, त्याचा आजा, सगळे तिथलेच. शाळा चौथीपर्यंत. आई मी एमएस्सीला असतानाच गेली, तेव्हापासून घरात तो एकटा. दर रविवारी तो फोन डब्याला टेकवून ठेवायचा, त्यामुळे मला त्याचं कपाळ आणि मागची घडवंची दिसायची.

त्याचे प्रश्न तीनच. "जेवलीस का गो? थंडी हाय का? मानसा हायत का आजूबाजूला?"

"हायत की बाबा. खूप हायत."

तिसऱ्या प्रश्नासाठी मी एक मारिया निर्माण केली होती. पहिल्या वर्षी कधीतरी बाबाला बरं वाटावं म्हणून सांगितलं, की माझी मारिया नावाची मैत्रीण आहे, आम्ही फिरायला जातो. मग तिला सोडवेना. तिच्याकडे मांजर आलं, तिच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तिने मला बर्फावर चालायला शिकवलं. बाबा दर आठवड्याला विचारायचा, "ती मारिया बरी हाय ना?" आणि मी तिची खुशाली सांगायची.

स्फटिक दिसला त्यानंतरच्या रविवारी मी त्याला मारियाबद्दल बोलूच दिलं नाही. फोटो आधीच पाठवला होता. भिंगातून काढलेला, निळसर उजेडातला.

"बगितलास का बाबा? हा माझा! दीड वरीस ह्याच्यासाठीच बसले होते."

बाबाने फोन डब्यावरून उचलून डोळ्यांजवळ नेला. मला त्याची एक भुवई आणि छताचा पंखा दिसत राहिला.

"भारी दिसतंय," तो म्हणाला. मग थांबला. "ह्ये पान्यात परलं?"

"पान्यातच. थेंबात. जसं तुझ्या वाफ्यात परतं ना, तसंच, पन एवरंसं."

"अस्सं." पुन्हा थांबला. "फोरून बगलंस का गो?"

मी खदखदून हसले. "बाबा, ह्यो काय आगरातला माल हाय का? एकच हाय तो. फोरला तर गेला ना!"

"तेबी खरं," बाबा म्हणाला. भुवई हलली आणि त्याचा सबंध चेहरा दिसला. तोही हसत होता. "हसतेस छान. अशीच ऱ्हा."

त्या दिवशी आम्ही पाऊण तास बोललो. एरवी दहा मिनिटांत विषय संपायचे. मी त्याला क्ष-किरण म्हणजे काय ते सांगितलं, त्याने मला गावातल्या तिघांच्या लग्नांची हकिकत सांगितली. फोन ठेवल्यावर मी भात केला आणि बऱ्याच महिन्यांनी पोटभर जेवले.

पुढचे दोन महिने बरे गेले. बरे कसले, चांगलेच गेले. प्राध्यापक हेडलुंड हा मितभाषी माणूस. महिन्यातून दोनदा 'चांगलं' म्हणाला तर गुनिला कॅलेंडरवर खूण करायची. तो आता माझ्या टेबलाशी येऊन उभा राहू लागला. माझ्या स्फटिकाचा फोटो त्याने अनुदानाच्या नव्या प्रस्तावाच्या पहिल्या पानावर घातला. करार एक वर्षाने वाढवायचा कागद तयार झाला, त्यावर सही तेवढी व्हायची होती. कॉफीच्या वेळी लोक आठवणीने इंग्रजीत बोलत. माझ्या स्फटिकाला त्यांनी नावही ठेवलं, 'दर्शनाचं बाळ'.

मी रोज सकाळी थंड खोलीत जाऊन त्याला बघून यायची. काही काम नसे. दुसरा पडावा म्हणून तसेच शंभर थेंब टाकले होते, त्यांतल्या चारपाच ठिकाणी आणखी पडलेही होते, सगळे तसेच लांबट. फोडायला आता हवे तेवढे होते. 'एकच आहे' हे माझं कारण संपलं होतं. तरी सुई मी उचलली नाही. गुनिलाने एकदा सहज विचारलं, "निळ्या रंगाची चाचणी करूया का? प्रथिन रंग पिऊन घेतं." मी म्हटलं, "कशाला उगाच रंग घालून नासवायचा?" ती माझ्याकडे क्षणभर बघत राहिली आणि निघून गेली.

फेब्रुवारीत दक्षिणेकडच्या क्ष-किरणांच्या मोठ्या यंत्रावर आम्हाला एक सकाळ मिळाली. स्फटिक द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून आधीच पाठवले होते. तिथला यंत्रमानव ते उचलून क्ष-किरणांसमोर धरणार आणि चित्र आमच्या पडद्यावर उमटणार. दहाला सुरुवात होती. हेडलुंड माझ्या मागे उभा, गुनिला बाजूच्या खुर्चीवर. कोणीतरी केकही आणून ठेवला होता.

प्रथिनाचा स्फटिक असला की पडद्यावर ठिपक्यांची दाटी होते, रांगोळीसाठी ठिपके काढावेत तशी, पण शेकड्यांनी. आमच्या पडद्यावर सहा ठिपके आले. काळेकुळकुळीत, ठसठशीत, एकमेकांपासून लांब लांब.

हे चित्र वाचायला शास्त्रज्ञ लागत नाही. पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही ओळखतो. क्षार.

"दुसरा बघ," हेडलुंड म्हणाला. दुसरा पाहिला. तिसरा, चौथा. सगळीकडे तेच. बहुतेक मॅग्नेशियमचा क्षार होता. माझ्याच द्रावणातला, मीच घातलेला.

मग गुनिला हळू आवाजात म्हणाली, "पण तू फोडून बघितला होतास ना? मऊ निघाला म्हणालीस."

मी मान खाली घातली. त्या क्षणी ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. हेडलुंड म्हणाला, "असं सगळ्यांचं होतं. माझंही एकदा झालं होतं." त्याच्या स्वरात माया होती आणि मला ती सहन होईना. मी कोट घेऊन बाहेर पडले. केक तसाच राहिला.

प्रस्ताव मागे घ्यावा लागला. करारावर सही झाली नाही. कोणी मला घालवून दिलं नाही, फक्त कागद पुढे सरकला नाही, आणि क्षार निघाला म्हणून तसं झालं असं मी म्हणणारही नाही. खोटं बोलले म्हणून झालं. शेवटच्या दिवशी गुनिलाने निरोपादाखल हातात हात घेतला आणि विचारलं, "का गं? एवढी हुशार तू. शंका आली नव्हती?"

"नाही," मी म्हणाले. हे तिच्याशी बोललेलं दुसरं खोटं.

बाबाला एवढंच कळवलं, की ते काम जमलं नाही, मी घरी येतेय. त्याने कारण विचारलं नाही. "ये," म्हणाला. "मीठ परतंय. टायमाला येतेस."

एप्रिलचे दिवस होते. घरी पोचले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्याबरोबर मिठागरावर गेले. लहानपणी रोज जायची, त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. पांढरे ढीग, उन्हाने डोळे दिपणारे वाफे, खारट वारा. बाबा आधीपेक्षा वाकला होता, पण फावडं ओढायची लय तीच. मी बांधावर बसून होते. पाय भाजत होते आणि मला ते फार आवडत होतं.

मीठ ओढून झालं की वाफ्यांतलं उरलेलं पाणी टोकाच्या एका खड्ड्यात सोडून देतात. ते पाणी कडवट, तेलकट. त्यातही पुढे उन्हाने काहीतरी पडतं, पण ते खायचं मीठ नव्हे. त्याला आमच्याकडे नुसतं 'करू', म्हणजे कडू, म्हणतात आणि फेकून देतात. बाबा त्या खड्ड्यापाशी गेला, वाकला आणि मूठ भरून माझ्यासमोर येऊन बसला. त्याने मूठ उघडली.

लांबट. दोन्ही टोकांना निमुळते. कडा सुरीने कापल्यासारख्या.

मी त्यातला एक उचलला आणि अंगठ्याच्या नखाने दाबला. कट्‌कन तुटला. एवढासा आवाज, पण त्या मोकळ्या आगरात मला तो ठणठणीत ऐकू आला.

"बाबा," मी म्हणाले, "तुला त्याच दिवशी कललं होतं."

तो तळहातावरचे खडे बोटाने इकडून तिकडे करत राहिला. "फोटू बगला नि कललं. साठ वर्सा काय केलं मी? ह्येच ना."

"मंग सांगतलंस का नाय? माझे दोन महिने गेले. सगल्यांसमोर माझी लाज गेली बाबा! तू एक शब्द बोलला असतास तर—"

"इचारलं व्हतं मी. फोरून बगलंस का."

"असं इचारतात काय? सरल सांगायचं, की पोरी, ह्ये करू हाय!"

मी ओरडत होते. पलीकडच्या वाफ्यातल्या दोन बायकांनी मान वर करून पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. बाबाने मला सगळं ओरडू दिलं.

मग म्हणाला, "तू हसलीस गो."

मी हातातला तुटलेला खडा खाली टाकला.

"तुझी आयस गेल्यापासून तू फोनवर बोलतेस ना, ते कागदावरचं वाचून दाकवल्यासारकं. त्या मारियाच्या गोष्टी सांगतेस, तवा तर जास्तीच. मी पन इचारत जायचो, काय करनार? नाय इचारलं तर तू बोलशील काय? आनी त्या दिशी एकदम हसलीस. खरीखुरी. मना वाटलं, ऱ्हाऊ दे. एक आठवरा ऱ्हाऊ दे. फुरच्या रविवारी सांगू. फुरच्या रविवारी पन तू हसतच होतीस."

त्याने पंच्याने तोंड पुसलं. घाम होता की काय होतं, मी पाहिलं नाही.

"मारिया नाय बाबा," मी म्हणाले. "तिकरं माझं कुनीच नवतं."

"म्हाईत हाय."

मग त्याने तळहात माझ्यापुढे केला, लहानपणी खेळायचो त्या खेळासारखा. चार वर्षांची असताना डोळे मिटून, नुसत्या बोटांनी चाचपून, खारं कुठलं आणि कडू कुठलं हे मी त्याला सांगायची. कधी चुकायची नाही. आगरातली माणसं मुद्दाम बोलवून बघायची.

"आनी तू सांग," बाबा म्हणाला. "तुला कललं नवतं?"

गुनिलाने विचारलं तेव्हा मी नाही म्हणाले होते. त्यानंतर आजवर, या गोष्टीला आठ वर्षं झाली, कितीजणांनी विचारलं त्यांनाही नाहीच म्हटलं. माझ्या विद्यार्थ्यांना वाटतं बाई फार कडक, पहिला स्फटिक समोर उभं राहून फोडायला लावतात. त्यांनाही मी कारण सांगितलेलं नाही.

पण बांधावर त्या दिवशी बाबाशी खोटं बोलायची सोय नव्हती. भिंगातून पाहिलं त्या पहिल्याच क्षणी मी त्याला ओळखलं होतं. डोळ्यांत पाणी आलं ते शोध लागला म्हणून नव्हे. अठरा महिन्यांत त्या गावात माझ्या ओळखीचं, माझ्या घरचं असं मला तेवढंच एक भेटलं होतं, आणि त्याच्यावर सुई चालवायला माझा हात धजला नाही.

"कललं व्हतं, बाबा," मी म्हणाले.

त्याने मान हलवली. हातातले खडे खड्ड्यात टाकले, हात झटकले आणि फावड्याच्या दांड्यावर जोर देऊन उठला. "चल," म्हणाला, "दोन वाफे ऱ्हायलेत. तिकरून तू ओढ, इकरून मी."